काउंटरपलीकडचा एक माणूस

आमच्या घरी बुधवारी सकाळी साडेदहा ते बारा या वेळात कुकर लावायचा नाही, असा नियम आहे. मिक्सरही लावायचा नाही. दारावर भाजीवाली आली तर हातानेच 'आज नको' म्हणायचे आणि जिन्यात खेळणाऱ्या मुलांना लिमलेटच्या गोळ्या देऊन तेवढा वेळ खाली अंगणात पाठवायचे. हा सगळा बंदोबस्त आमचे हे पाहतात. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला हा माणूस जेवणाच्या टेबलावर चिवड्याचा डबा, डब्यावर शब्दकोश आणि शब्दकोशाला टेकून मोबाइल फोन अशी उतरंड रचतो, एक डोळा मिटून नीट पाहतो आणि म्हणतो, "हं, कर सुरू." मग मी, वय वर्षे त्रेसष्ट, निवृत्त बँक अधिकारी आणि दोन कादंबऱ्यांची लेखिका, फोनच्या त्या मसुराएवढ्या भिंगाकडे पाहून "नमस्कार" म्हणते.

या उद्योगाला हल्ली 'कंटेंट क्रिएटर' असे नाव आहे. माझ्या भाच्याने पहिल्यांदा मला ही पदवी दिली, तेव्हा ती एखाद्या सरकारी खात्यातल्या हुद्द्यासारखी वाटली. मराठीत 'आशयनिर्माती' म्हणावे, तर ते आणखीच अवघडून बसते. आशय हा शब्द आम्ही लिहिणारी माणसे जपून वापरायचो. आशय म्हणजे कादंबरीचा जीव. इथे मात्र डबा आधी तयार असतो, आणि त्यात भरायचा जो जिन्नस तो कंटेंट! युट्यूबवरची अगदी पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ रोजी चढवली गेली. संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा आहे आणि यांची सोंड फार लांब असते, एवढेच तो सांगतो. एकोणीस सेकंदांत खेळ खलास. हत्तीच्या सोंडेपासून सुरू झालेला हा पसारा आज तुमच्या-आमच्या माजघरात येऊन बसला आहे.

आणि तो नुसता बसलेला नाही, चांगला रुजला आहे. मधुरा बाचल यांनी २००९ साली पाककृतींचे व्हिडिओ करायला सुरुवात केली, तेव्हा मराठी घरांत हा शब्दही नवा होता. २०१६ साली 'भाडिपा' आले आणि तरुण पोरे मराठीत विनोद पाहू लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वस्त इंटरनेट आले आणि खेड्यापाड्यांत फोनवर चित्रे हलू लागली. नगरजवळच्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांनी तर सत्तरीच्या घरात असताना नातवाच्या मदतीने 'आपली आजी' हे चॅनल उभे केले आणि लाखो लोकांना आपल्या हातच्या वाटणाची गोडी लावली.

ही झाली यशाची नावे. त्यांच्यामागे हजारो बिननावाची माणसे आहेत. प्रत्येक इमारतीत एखादी सून रांगोळीचे व्हिडिओ करते आहे, एखादा मुलगा गडकिल्ल्यांवर फोन घेऊन हिंडतो आहे, एखादे निवृत्त आजोबा ज्ञानेश्वरी समजावून सांगताहेत. आणि घरातले बाकीचे लोक एकच प्रश्न विचारताहेत: "हे सगळे कशासाठी?" हा प्रश्न मलाही विचारला गेला. पुढे मीच तो स्वतःला विचारला. त्याचे उत्तर सापडायला मला दीड वर्ष लागले आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली. ती हकीकत सांगायची आहे.

चव्वेचाळीस प्रेक्षक

मी १९८४ साली बँकेत कारकून म्हणून लागले. पितळी टोकन, जाडजूड लेजर आणि रात्री आठ-आठ वाजेपर्यंत न जुळणारा ताळा यांच्या संगतीत तारुण्य गेले. मग अधिकारी झाले, गावोगाव बदल्या झाल्या. त्या बदल्यांतूनच दोन कादंबऱ्या लिहून झाल्या. मे २०२२ च्या अखेरच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ घेऊन घरी आले. निवृत्त माणसाला घड्याळच का देतात, हे मला अजून कळलेले नाही.

तिसरी कादंबरी लिहायची, असे ठरवले होते. ती चाळिसाव्या पानावर अडली. आधीच्या दोन्हींच्या मिळून किती प्रती खपल्या, ते सांगत नाही. पण प्रकाशकाकडून वर्षाकाठी मानधनाचा जो धनादेश येई, तो बँकेत भरायला जाताना रिक्षा करावी की चालत जावे, याचा मी विचार करत असे. अशात त्या दिवाळीला भाचा आला आणि म्हणाला, "मावशी, तू गोष्टी सांगतेस किती छान! लिहिण्यापेक्षा वाचून दाखव. मी चॅनल काढून देतो."

त्याने अर्ध्या तासात ते काढून दिले. आमच्या काळी बचत खाते उघडायलाही याहून जास्त वेळ लागायचा.

मी माझी एक जुनी कथा वाचली. बावीस मिनिटे. आठवडाभरात ती चव्वेचाळीस वेळा पाहिली गेली. त्यात तीस तरी नातेवाईक होते, आणि नागपूरच्या माझ्या चुलतबहिणीने ती तीनदा लावली होती, कारण दर वेळी तिला मध्येच झोप लागत होती. तरी मला कोण आनंद झाला! कादंबरी वाचणारा माणूस मला कधी दिसला नव्हता. इथे प्रत्येक माणसाची नोंद होत होती. सोमवारी चार, मंगळवारी सात.

आणि तिथेच दुखण्याने घर केले. मी आकड्यांत वाढलेली बाई. मार्चअखेरीला ठेवींचे उद्दिष्ट गाठण्यासाठी ओळखीच्या डॉक्टरांच्या दारात जाऊन बसलेली. मला आकडा दाखवला की तो वाढवायचा, एवढेच माझ्या हाताला माहीत. पहाटे पाचला उठून चहाचे आधण ठेवण्याआधी मी फोन उघडू लागले. जाहिरातींचे पैसे मिळायचे तर १००० वर्गणीदार हवेत आणि वर्षभरात लोकांनी ४००० तास पाहिलेले असावे, हा नियम २०१८ पासून आहे. मी कागद घेऊन हिशेब मांडला. ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटे. एक माणूस सरासरी चार मिनिटे थांबला, तर ६० हजार माणसे हवीत. ह्यांनी कागद तपासला आणि "उत्तर बरोबर आहे, पण गणित कशाचे मांडलेस?" एवढेच म्हणाले. मला राग आला होता.

दहा-बारा कथा वाचून झाल्या तरी वर्गणीदार दोनशेच्या पुढे जाईनात. उत्साह ओसरला. अडलेली कादंबरी अडलेलीच होती. त्यात हेही अडले. बंद करावे, अशा विचारात असताना एका कथेखाली एका बाईंचा मजकूर दिसला. त्या कथेत नवरा गेल्यावर बँकेच्या दारात खेटे घालणारी एक विधवा आहे. बाईंनी लिहिले होते: 'गोष्ट चांगली आहे मॅडम. पण खरंच नॉमिनी लावलेला नसेल तर काय करायचं असतं?'

मी तो प्रश्न तीन-चार वेळा वाचला. कथेवर त्यांचे काहीच म्हणणे नव्हते. त्यांना उत्तर हवे होते. आणि ते उत्तर मला झोपेतून उठवले असते तरी येत होते.

त्या बुधवारी मी पहिल्यांदा कथा न वाचता नुसती बोलले. नॉमिनी नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद घेऊन शाखेत काय मागायचे. नॉमिनी असला तरी तो पैशाचा मालक होत नाही, तो ते वारसांसाठी सांभाळणारा विश्वस्त असतो. पैसे हाती आले म्हणजे ते आपलेच झाले, असे समजून भावाभावांत कसे वाकडे येते, हे सांगितले. हातवारे नाहीत, संगीत नाही. तो व्हिडिओ दोन महिन्यांत अकरा हजार वेळा पाहिला गेला. खाली प्रश्नांची रांग लागली. थेट काउंटरपुढची रांग! 'दोन वर्षे खात्यात व्यवहार नाही, खाते बंद झाले का?' नाही, ते निष्क्रिय झाले; कागद द्या, पुन्हा सुरू होते. 'वडिलांची ठेव वीस वर्षांपूर्वीची आहे, बुडाली का?' नाही. दहा वर्षे कुणी न विचारलेले पैसे २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात, पण वारस आले की ते बँकेमार्फत परत मिळतात. ऑगस्ट २०२३ मध्ये असे पैसे शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' नावाची सोय सुरू केली, तेव्हा मी तीच प्रत्यक्ष करून दाखवली.

दिवस भरले. कादंबरीची चाळीस पाने कपाटात गेली, ती मला आठवेनाशी झाली.

लाल अक्षरे

पण स्वभाव कुठे जातो? वर्गणीदार आठशेच्या पुढे गेले आणि पुन्हा पहाटेचा पाचचा गजर सुरू झाला. भाचा म्हणाला, "मावशी, माल तुझा उत्तम आहे, पण पाटी कोण वाचणार? पाटी ठसठशीत पाहिजे." या धंद्यात व्हिडिओच्या दारावर एक चित्र लावतात. त्यावरून माणूस आत यायचे की नाही, ते ठरवतो. भाच्याने माझा डोळे विस्फारलेला एक फोटो काढला. तसा चेहरा मी आयुष्यात कधी केला नव्हता. त्यावर लाल अक्षरांत लिहिले: 'तुमची एफडी बुडणार? आजच पाहा!'

आतला मजकूर शंभर टक्के खरा होता. बँक अडचणीत आली तर ठेवीला विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये झाली. एका बँकेतल्या सगळ्या शाखांतल्या आपल्या ठेवी आणि व्याज एकत्र धरून ही मर्यादा मोजतात. यात घाबरण्यासारखे काही नव्हते. उलट धीर देण्यासारखेच होते. पण धीराची वाक्ये सातव्या मिनिटाला येत होती आणि लाल अक्षरे दारातच होती.

फेब्रुवारी २०२४ ची ही गोष्ट. चार दिवसांत तो व्हिडिओ अडीच लाख वेळा पाहिला गेला. हजाराची रेघ मी एका रात्रीत ओलांडली. भाच्याने पेढे आणले. मी ह्यांना म्हटले, "पाहिलंत?" ते म्हणाले, "पाहिला. सुरुवातीला मलाच भीती वाटली."

तीन आठवड्यांनी एका मुलीचे लांबलचक पत्र आले. तिचे वडील एका तालुक्याच्या गावी राहतात. एसटीतून निवृत्त झालेले. त्यांची सात लाखांची मुदत ठेव एका चांगल्या, भक्कम बँकेत होती. त्यांनी माझी लाल अक्षरे पाहिली, पहिली दोन मिनिटे पाहिली आणि दुसऱ्या दिवशी जाऊन ठेव मोडली. मुदतीआधी मोडल्यामुळे व्याज कापले गेले, ते असो. एवढी रक्कम घरात ठेवायची कशी, म्हणून त्यांतले तीन लाख त्यांनी ओळखीतल्या एकाला महिना दोन टक्क्यांनी वापरायला दिले. तो माणूस आता फोन उचलत नव्हता. मुलीने शेवटी लिहिले होते: 'यात तुमचा दोष आहे असं मी म्हणत नाही. पण बाबा सारखं म्हणतात, मॅडम बँकेतल्या आहेत, त्या उगीच कशाला सांगतील?'

बँकेतल्या नोकरीत मी एक अफवा जवळून पाहिली आहे. नव्वदच्या दशकात एका लहान गावी, बँक बुडणार असे कुणीतरी उठवले आणि सकाळी नऊलाच शाखेबाहेर दीडशे माणसे उभी राहिली. मी तेव्हा कॅशला होते. आमच्या व्यवस्थापकांनी दार वेळेआधी उघडले, म्हाताऱ्यांसाठी बाकडी बाहेर टाकली आणि मला एवढेच सांगितले: "बाई, मान वर करून प्रत्येकाकडे पाहा आणि हसून पैसे द्या. घाई करू नका." दुपारपर्यंत निम्म्या लोकांनी काढलेले पैसे परत भरले. त्या दिवशी मी शिकले होते की घाबरलेल्या माणसाला आधी समोरच्याचा चेहरा दिसतो आणि मग शब्द ऐकू येतात. तीस वर्षांनी मीच डोळे विस्फारलेला चेहरा करून अडीच लाख लोकांपुढे उभी राहिले होते.

त्या रात्री मी व्हिडिओ काढून टाकला. भाचा कळवळला. "मावशी, अगं पैसे सुरू होणार होते!" मी फोनच बंद करून ठेवला.

मग विचारायचे कोणाला?

तीन महिने मी काहीही केले नाही. बुधवारी सकाळी कुकर होऊ लागला. ह्यांनी एका शब्दाने विचारले नाही.

या काळात मी जुनी पुस्तके काढून वाचत होते, त्यात र. धों. कर्वे यांचे चरित्र हाती आले. संततिनियमनाचा विषय ज्या काळात कुणी उच्चारतही नव्हते, त्या काळात या माणसाने जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि नोव्हेंबर १९५३ पर्यंत, म्हणजे ऑक्टोबरात ते स्वतः गेले तोपर्यंत, चालवले. सव्वीस वर्षे! पदरमोड करून. वाचक मूठभर, शिव्या पोतेभर. कोर्टात खेचले गेले, दंड भरला. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी खटला हरले आणि पुढच्या अंकाच्या तयारीला लागले. त्यांना कुणी 'प्रेरणा कुठून मिळते?' असे विचारले असते तर काय म्हणाले असते, कुणास ठाऊक. पण एक गोष्ट मला दिसली. त्यांच्या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे असत. कुणीतरी लाजतबिचकत विचारी आणि ते स्पष्ट शब्दांत सांगत. विचारणारा होता, म्हणून सांगणारा टिकला.

मी धीर करून त्या मुलीकडून तिच्या वडिलांचा नंबर मागितला. फोन लावताना बोटे कापत होती. कर्जवसुलीचे फोन मी आयुष्यभर केले, पण हा फोन कर्जदाराने करायचा होता आणि कर्जदार मी होते.

मी नाव सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "मॅडम, तो तुमचा व्हिडिओ दिसत नाही आता."

"काढून टाकला. चूक झाली माझी. वरती जे लिहिलं होतं, तसं लिहायला नको होतं."

"ते बरं केलं. लई घाबरलो होतो मी." पुन्हा थांबले. "पण बाकीचेबी दिसंनात नवीन. बुधवारी बघत असतो मी. तुम्ही बंदच केलं, मग आता मी विचारायचं कोणाला?"

मला उत्तर देता आले नाही. ज्या माणसाचे माझ्यामुळे नुकसान झाले, तोच माझी वाट पाहत होता. तासभर आम्ही बोललो. त्या तीन लाखांची काही लिखापढी आहे का, हे विचारले; एक धनादेश होता आणि साध्या कागदावर सही होती. वकिलाकडे काय घेऊन जायचे, ते त्यांना लिहून घ्यायला सांगितले. उरलेले चार लाख पुन्हा बँकेत कसे ठेवायचे, नॉमिनी म्हणून कुणाचे नाव द्यायचे, हे ठरले. "आता सावकाश सांगा, मी लिहून घेतोय," असे ते मधूनमधून म्हणत होते. अगदी काउंटरवर स्लिप भरून मागणाऱ्या माणसासारखे.

त्या तासाभरात मला प्रेक्षकसंख्या एक होती. आणि इतक्या मन लावून मी त्याआधीच्या वर्षभरात कधी बोलले नव्हते.

पुढच्या बुधवारी टेबलावर पुन्हा उतरंड रचली गेली. पहिल्या व्हिडिओत मी माझी चूक सांगितली. पाटी चुकीची होती आणि तिच्यामुळे माणसे घाबरली, असे स्पष्ट म्हटले. मग काही नियम घालून घेतले. पाटीवर तेच लिहायचे, जे आत आहे. घाबरण्याचे कारण कुणाला नाही, हे पहिल्याच मिनिटात सांगायचे. जे माहीत नाही ते 'माहीत नाही, शाखेत विचारा' म्हणायचे. आकडे महिन्यातून एकदा, एक तारखेला, पासबुक भरून आणावे तसे पाहायचे. आणि फोनच्या भिंगाच्या जागी एकच माणूस आहे असे समजायचे: एसटीतून निवृत्त झालेला, वही घेऊन बसलेला.

१ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला एकाऐवजी चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात, हा बदल मी त्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच समजावला. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली निवृत्त लोकांना लुटण्याचे प्रकार वाढले, तेव्हाही तेच. अशी कुठलीही अटक कायद्यात नाही, व्हिडिओ कॉलवर पोलीस कुणाला डांबून ठेवत नाहीत, फोन ठेवून द्या आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा, हे मी एका दमात न सांगता तीनदा, हळूहळू सांगितले.

आज वर्गणीदार सहा हजारांच्या आसपास आहेत. जाहिरातींचे पैसे सुरू झाले. गेल्या वर्षभरात जे मिळाले, त्यात आमच्या दूधवाल्याचे दोन महिन्यांचे बिल भागते. ते मी मुद्दाम वेगळे काढून ठेवते आणि त्याच पैशांतून दूधवाल्याला देते. त्यालाही गंमत वाटते.

आता ज्यांच्या घरी तरुण मुले या नादात आहेत, त्यांच्यासाठी थोडे. शेजारचा एक चोवीस वर्षांचा मुलगा परवा माझ्याकडे येऊन बसला. किल्ल्यांचे व्हिडिओ करतो, मेहनती आहे. म्हणाला, "काकू, मागच्या महिन्यात चाळीस हजार लोकांनी पाहिलं, या महिन्यात बाराशे. मी काय वेगळं केलं? काहीच नाही. आता डोंगर चढायचीच इच्छा होत नाही." मी त्याला कूळकायद्याचे उदाहरण दिले. इथे आपण दुसऱ्याच्या जमिनीवर पेरणी करतो. जमीन कंपनीची, पाऊस कंपनीचा, आणि मोठ्या व्हिडिओंवरच्या जाहिरातींत आपला वाटा ५५ टक्के, हेही कंपनीनेच ठरवलेले. कसेल त्याची जमीन, हा कायदा इथे लागू नाही. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा आपल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी पोरापोरींचे लाखोंचे प्रेक्षक एका रात्रीत गेले. त्यांचे काय चुकले होते? काही नाही. तेव्हा जमिनीच्या भरवशावर इच्छा बांधू नये. पण पेरायचे कसे, हे ज्याला कळले, ते त्याच्या हातात राहते. ते कुणी काढून घेत नाही.

"पण मग डोंगर कुणासाठी चढू?" त्याने विचारले.

मी त्याला म्हटले, ते मला सांगता येणार नाही. ते तुला कुणीतरी विचारेल. एखादा बाप आपल्या मुलीला घेऊन पहिल्यांदाच किल्ल्यावर जाणार असेल आणि विचारेल, वर पाणी मिळते का? वाट निसरडी आहे का? त्या बापाला नीट उत्तर दे. पुढच्या वेळी वर जाशील तेव्हा पाण्याचे टाके त्याच्यासाठी पाहा. तो विचार करत गेला. पटले की नाही, ठाऊक नाही. चोवीसाव्या वर्षी मला तरी कुठे पटले असते? मला त्रेसष्टाव्या वर्षीही दुसऱ्याच्या तीन लाखांची किंमत पडल्यावर कळले.

त्या तीन लाखांतले पन्नास हजार आतापर्यंत परत आले आहेत. बाकीचे येतील की नाही, सांगता येत नाही. मी दर महिन्याला फोन करून विचारते. ते सांगतात, मग त्यांच्या वहीतले दोन-तीन प्रश्न विचारतात, आणि पुढच्या बुधवारचा विषय बहुधा तिथेच ठरतो.

गेल्या बुधवारी एक घोटाळा झाला. नियम विसरून ह्यांनी मंद आचेवर कुकर ठेवला होता. लॉकरचे भाडे थकले तर काय होते, हे मी सांगत असतानाच पहिली शिट्टी झाली. मी "एक मिनिट हं" म्हणून उठले, तोवर आणखी तीन झाल्या. गॅस बंद करून परत आले आणि पुढे बोलायला लागले. ते कापून टाकायचे राहूनच गेले. संध्याकाळी खाली पहिला मजकूर आला तो तालुक्याच्या गावाहून: 'लॉकरचं समजलं मॅडम. आज तुरीची डाळ होती वाटतं, चार शिट्ट्या झाल्या. जेवून घ्या.'